प्रकाशक कोण?

फॉर्मातले सगळे रकाने भरून झाले आणि 'प्रकाशक' या रकान्यापाशी माझं घोडं अडलं. प्रोग्रामचं नाव होतं, साल होतं, कुठल्या मशीनवर चालतो आणि मेमरी किती लागते तेही होतं. पण प्रकाशक कोण? लातुरात मोंढ्यामागच्या, म्हणजे शेतमालाच्या बाजारामागच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडं बसून सरांनी लिहिलेला प्रोग्राम. त्याची जाहिरात झाली नाही, त्याला वेष्टन नव्हतं, किंमत नव्हती. पाच-सात कॅसेटांवर (तेव्हा प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या साध्या कॅसेटवरच साठवायचे) ज्यानं त्यानं उतरवून घेतला, एवढाच त्याचा प्रसार. रकाना रिकामा ठेवला की फॉर्म पुढं सरकेना. शेवटी मी तिथं एक टिंब टाकलं. टिंब चाललं.

हा फॉर्म होता जुन्या घरगुती कॉम्प्युटरांचं सॉफ्टवेअर जपणाऱ्या एका ऑनलाइन संग्रहाचा. असे संग्रह बरेच आहेत आणि बहुतेक हौशी माणसांच्या जिवावर चालतात. इंटरनेट आर्काइव्ह 1996 पासून आहे. स्पेक्ट्रम या एकाच मशीनसाठी उभा राहिलेला 'वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम' त्याच्याही आधीचा, 1995 चा. स्पेक्ट्रम म्हणजे सिंक्लेअर कंपनीनं 1982 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात आणलेला छोटा कॉम्प्युटर. त्याच वर्षीच्या ऑगस्टात उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला, म्हणजे दोघं एकाच सालची लेकरं. फरक इतकाच की स्पेक्ट्रमची एकूण एक वही कुणीतरी जपून ठेवलीय. त्या संग्रहांत हजारो गेम आहेत. मासिकात छापून आलेले आणि वाचकांनी हातानं टाइप करायचे पन्नास-शंभर ओळींचे प्रोग्रामसुद्धा आहेत. स्पॅनिश आहे, पोर्तुगीज आहे, पोलिश आहे, रशियन तर ढिगानं. मराठी शोधलं तर मला काहीच मिळेना.

आपल्याकडं ही मशीन आलीच नाहीत असं मात्र नाही. 1986 मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' भारतात आणला आणि नव्वदीपर्यंत तो काही हजारांत खपला. त्याच्या आधी, 1984-85 मध्ये, सरकारच्या 'क्लास' योजनेतून शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर मिळाले होते. पहिल्या फेरीत 250 शाळा. शाळांतली ती मशीन बंद खोलीत, पडद्याआड, चपला बाहेर काढून बघायची. सरांचा स्पेक्ट्रम मात्र सेकंडहँड होता आणि त्याच्या शेजारी चहाचा कप ठेवलेला चालायचा.

कॅसेटा सापडल्या त्या मामांच्या माळवदामुळं. लातूर-धाराशिवकडं माळवद म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी: लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर हात-दीड हात मातीचा थर. उन्हाळ्यात खाली गार. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच माती आणि मातीतच रचलेल्या दगडी भिंती माणसांच्या अंगावर आल्या. त्यानंतर ज्यानं त्यानं पैसे जमतील तसे पत्रे नाहीतर स्लॅब टाकले. मामा हट्टी. "आपलं शहरातलंय, तुळया सागवानी हैत," म्हणत तीस वर्षं काढली. दोन वर्षांपूर्वी मुलांनी एकदाचं माळवद उतरवायला घेतलं, तेव्हा भिंतीतल्या देवळीतून एक पत्र्याची पेटी निघाली. आत आडत दुकानाच्या जुन्या वह्या, एक बंद पडलेलं घड्याळ आणि नऊ कॅसेटा. दोनांवर निळ्या शाईत रोमन अक्षरांत 'पट्टी' लिहिलेलं.

मोंढ्यात पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशोबाचा कागद. माल येतो, सौदा होतो, मापाडी वजन करतो. वजनातून पोत्यामागं बारदान्याचं वजन कापायचं, उरलेल्याला भावानं गुणायचं, मग त्यातून तेव्हा हमाली, तोलाई, आडत म्हणजे दलाली वजा. घरात लग्नकार्य झालं असेल किंवा पेरणीला पैसे नेले असतील तर उचल वजा. राहिलं ते शेतकऱ्याचं. मामांच्या दुकानात तूर-करडईच्या दिवसांत अशा पट्ट्या दिवसभर फाडल्या जायच्या, आणि मुनीमजी त्या तोंडानं पुटपुटत, बोटांच्या पेरांवर करायचे. सरांच्या क्लासची खोली मामांच्या मालकीची होती. भाडं दोन महिने थकलं तेव्हा सर म्हणाले, "तुमच्या पट्टीचा प्रोग्राम करून देतो." पहिला मराठी व्यवहारी सॉफ्टवेअर करार म्हणायला हरकत नाही. (पहिला नसेलही. पण दुसरा कुणी पुढं येईपर्यंत म्हणू द्या.)

प्रोग्राम चालला का? फारसा नाही. दुकानातल्या टीव्हीला मशीन जोडायचं, टेपरेकॉर्डरची वायर लावायची, 'जे' दाबलं की पडद्यावर अख्खा 'लोड' शब्द उमटायचा, मग दोन अवतरणचिन्हं, मग प्ले. कर्कश किंकाळी. पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे पट्टे धावायला लागायचे. सगळं सुरळीत झालं तर मिनिटभरात तयार. तेवढ्यात मुनीमजींच्या दोन पट्ट्या लिहून व्हायच्या आणि ते चष्म्यावरून बघायचे. लाइट गेली की मशीनच्या डोक्यातलं सगळं साफ. रविवारी सकाळी रामायणासाठी टीव्ही वर घरात जायचा. एक हंगाम कसाबसा निघाला.

तर अशा न चाललेल्या प्रोग्रामसाठी मी दीड वर्ष का घालवलं, असं मला घरातूनही विचारलं गेलंय. मामांनी तर सरळच विचारलं, "हे काय करलालास रे रिकामं?"

कॅसेटांची तब्येत बघून मात्र मामाच खूश झाले. कोकणातल्या घरात पस्तीस वर्षं पडल्या असत्या तर बुरशीनं खाल्ल्या असत्या. आमच्याकडं हवेत ओल टिकत नाही, दुष्काळाचा एवढा एक फायदा. धूळ होती, उष्णतेनं एक कॅसेट जराशी वाकडी झाली होती आणि तीनांच्या आतली फेल्टची गादी सुटून पडली होती. फितीला हेडवर दाबून धरते ती ही गादी. ती नसली की आवाज येतो पण खोल विहिरीतून. पाच स्क्रूंची एक चांगली कॅसेट उघडायची, जुनी फीत तिच्यात घालायची, बंद करायची. दाताच्या डॉक्टरासारखं काम आहे. टेपडेक जुन्या बाजारातून घेतला तर त्याच्या आतल्या रबरी पट्ट्याचं काळं डांबर झालेलं. ते खरवडण्यात एक रविवार गेला.

मग हेडचा कोन. टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. ज्या रेकॉर्डरवर फीत भरली त्याचं हेड जरा तिरकं असेल तर वाजवणाऱ्याचंही तितकंच तिरकं करावं लागतं. गाणी ऐकताना असला फरक कळत नाही, इथं तोच घात करतो. कानाला हेडफोन लावून स्क्रू केसभर फिरवत राहायचं. आवाज जितका बोचरा, तितका चांगला.

त्या किंकाळीचा हिशोब फार साधा आहे. प्रत्येक बिटासाठी दोन स्पंदनं. लांब असली तर एक, त्याच्या निम्म्या लांबीची असली तर शून्य. सेकंदाला सरासरी दीड हजार बिट. प्रत्येक तुकड्याच्या आधी 17 बाइटांची ओळख येते. त्यातले 10 बाइट नावाचे, म्हणून कुठल्याही प्रोग्रामचं नाव दहा अक्षरांच्या आत. आणि तुकड्याच्या शेवटी एक बाइट ताळ्याचा. आपण गुणाकाराचा ताळा बघतो तसाच. सगळ्या बाइटांवर मशीन एक ठरलेली क्रिया करत जातं आणि शेवटच्या बाइटाशी जुळवून बघतं. जुळला नाही तर 'आर टेप लोडिंग एरर'. 

माझा ताळा जुळेना. दोन्ही कॅसेटांवर मधेच कुठंतरी फीत चुरगळलेली. वाचवलं ते सरांच्या शिस्तीनं. क्लासात ते सगळ्यांना सांगायचे, "दोनदा सेव्ह करा. एकदा आपल्यासाठी, एकदा देवासाठी." त्यामुळं दोन कॅसेटांवर मिळून एकाच प्रोग्रामच्या चार प्रती होत्या आणि चौघींच्या जखमा वेगवेगळ्या जागी होत्या. सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या, एकीचं फाटकं ठिकाण दुसरीच्या कापडानं सांधलं आणि एका रात्री पावणेबाराला ताळा जुळला. बायको झोपली होती. उठवून सांगितलं तर म्हणाली, "बरं. लाइट बंद करा."

दोन प्रतींच्या मधल्या जागेत मला आणखी काहीतरी सापडलं. कॅसेटा कोऱ्या नव्हत्याच. मामा रेडिओवरचे बाजारभाव टेप करून ठेवायचे आणि सरांनी त्यावरच प्रोग्राम भरला. एक प्रत संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या फटीत सात-आठ सेकंद निवेदकाचा संथ आवाज येतो, "...हायब्रीड ज्वारी, कमीत कमी..." आणि तेवढ्यात किंकाळी त्याच्यावर चढते. संग्रहात टाकायची जी नेहमीची फाइल असते, तिच्यात फक्त बाइट राहतात, असा आवाज गळून जातो. मी सोबत मूळ आवाजाची फाइलही जोडली. ती कुणी ऐकेल असं नाही. पण हायब्रीडचा भाव अर्धवट तोडून टाकायचं पाप मला करवेना.

प्रोग्राम चालला, पडदा उजळला आणि मी खुर्चीतच मागं सरकलो. मेनू मराठीत होता. देवनागरीत.

हे किती अवघड आहे ते सांगायलाच हवं. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर एका ओळीत 32 अक्षरं, अशा 24 ओळी. प्रत्येक अक्षराला 8 बाय 8 ठिपक्यांची चौकट. रोमन 'ए' त्यात आरामात बसतो. आपल्याला वर वेलांटी-मात्रेला जागा हवी, मग शिरोरेषा, मग अक्षराचं अंग, मग खाली उकार. आठ ओळींत हे कोंबलं तर 'घ' आणि 'ध' जुळे भाऊ होतात. आपली चित्रं करायला मशीन देतं त्या 21 चौकटी, म्हणजे बाराखडीच्या दारातच संपल्या. सरांनी काय केलं, तर मशीनच्या अख्ख्या अक्षरसंचाचा पत्ताच बदलला. मेमरीच्या 23606 आणि 23607 या दोन घरांत तो पत्ता असतो. तिथं आपले आकडे टाकले की मशीन 96 अक्षरं आपण सांगू तिथून उचलतं. सरांनी दोन संच केले, एक अक्षरांच्या वरच्या अर्ध्या भागांचा, एक खालच्या. प्रत्येक ओळ दोनदा छापायची, आधी वरची अर्धी, मग तिच्याखाली खालची अर्धी.

तरी जोडाक्षरांचं काय? इथं टायपिंग इन्स्टिट्यूट कामाला आली. मराठी टाइपरायटरवर बरीच अक्षरं अर्धी असतात आणि काना वेगळा मारायचा. अर्धा 'त' आणि काना झाला की 'त' पुरा, काना न मारता पुढं गेलं की जोडाक्षर तयार. सरांनी हीच युक्ती जशीच्या तशी उचलली. ट, ठ, ड, ढ, द, ह यांना काना नाही, ते वेगळे केले. वेलांटी टाइपरायटरसारखी आधीच मारायची. संगणकतज्ज्ञाला सुचली नसती ती गोष्ट मराठी टायपिंगची तीसची परीक्षा घेणाऱ्या माणसाला सहज सुचली.

संग्रहाकडून उत्तर आलं आठ दिवसांनी. सभ्य, थोडक्यात. फाइल मिळाली, आभार, पण पडदा खराब दिसतोय, लोडिंगमध्ये बिघाड झाला असावा, पुन्हा टेपवरून घेऊन बघाल का?

राग आला. मग त्यांनी जोडलेलं चित्र उघडलं आणि रागाला आधार सापडेना. कारण प्रोग्राम थांबवला की मशीनचा अक्षरसंच खालच्या अर्ध्या भागांवरच अडकून राहतो. त्यामुळं 'ओके' हा निरोपसुद्धा देवनागरीच्या पायांच्या तुकड्यांत उमटतो. शिरोरेषा नाही, डोकं नाही, नुसत्या काठ्या आणि शेपट्या. मराठी येत नसणाऱ्याला तो कचराच वाटणार. मराठी येणाऱ्यालाही वाटेल. मी वर्णमालेचा तक्ता केला, वरचा संच, खालचा संच, जोडून कसं दिसतं ते, आणि मेनूतल्या प्रत्येक ओळीचं भाषांतर. 'उचल' चं भाषांतर करताना एक परिच्छेद खर्ची पडला. त्यानंतर प्रश्न यायला लागले आणि ते चांगले प्रश्न होते. साल 1987 कशावरून? मी तर 1988 समजत होतो. प्रोग्रामच्या दुसऱ्याच ओळीत सरांनी शेरा म्हणून महिना आणि साल टाकून ठेवलं होतं. भाषेच्या यादीत मराठी नाही, काय निवडलंत? 'इतर' निवडलं होतं. त्यांनी आपणहून यादीत मराठी टाकली.

राहता राहिली परवानगी. स्पेक्ट्रमच्या मूळ रॉमचं, म्हणजे मशीनमध्येच कायमच्या भरलेल्या प्रोग्रामचं प्रकरण मिटलेलं आहे. 1986 मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडनं सिंक्लेअरचे कॉम्प्युटर विकत घेतले आणि 1999 मध्ये एम्युलेटरांसोबत, म्हणजे जुनं मशीन आजच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवणाऱ्या प्रोग्रामांसोबत रॉम वाटायला हरकत नाही असं जाहीर केलं. पण 'पट्टी' सरांची. आपल्या कॉपीराइट कायद्यात 1984 च्या दुरुस्तीनं कॉम्प्युटर प्रोग्राम हे साहित्यकृतीत गणले जातात आणि हक्क लेखकाच्या हयातीनंतरही 60 वर्षं राहतो. सर आता औसा रोडला राहतात. त्यांना म्हटलं, "सर, कायद्यानं तुम्ही साहित्यिक आहात."

"असं? मग 2022 ला उदगीरला संमेलन झालं तवा सांगायचं नाही का?"

त्यांना ई-मेलवर दोन ओळी लिहून द्या म्हटलं तर त्यांना पटेना. तसल्याला काय अर्थ असतो. कचेरीत जाऊन बाँड पेपर आणला, मराठी टाइपरायटरवर मजकूर मारला, खाली सही. मी स्कॅन करून पाठवला. तिकडं कुणाला त्यातलं अवाक्षर कळलं नसणार, पण शिक्का बघून समाधान झालं असावं.

त्याच दुपारी मी सरांना मोबाइलवर प्रोग्राम दाखवला. ते मेनूकडं बराच वेळ बघत राहिले. मग आत हाक मारली, "अगं, तुझा झ बघ."

काकू पदराला हात पुसत आल्या. चौकटीच्या वहीत अक्षरं काढायचं काम त्यांचं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या भरतकामाचे नमुने चौकटीच्या कागदावर उतरवायच्या आणि सरांना काही केल्या 'झ' जमत नव्हता. "यांचा झ म्हणजे मुंगळा," काकू म्हणाल्या. त्यांनी तो काढून दिला, मग 'क्ष', मग दोन्ही संच. सर म्हणाले, "प्रोग्राम माझा, अक्षरं हिची." आणि हिशोबाची रीत? ती मुनीमजींची.

तिथंच मला प्रोग्राममधली 430 नंबरची ओळ आठवली. हिशोब संपल्यावर शेवटच्या रकमेला नुसतं 'इंट' लावलेलं आहे. स्पेक्ट्रमचं 'इंट' खालच्या पूर्ण आकड्यावर आणतं, म्हणजे 90 पैसे असले तरी उडाले. जवळच्या रुपयावर न्यायचं तर आधी अर्धा मिळवावा लागतो, हे तर सर क्लासात शिकवायचे. मी विचारलं, चूक राहिली का?

"चूक कसली. मी अर्धा मिळवूनच लिवलं होतं. मुनीमजी म्हणाले, काढा ते. वरचे पैसे धरायची रीत नाही."

आडतीचे दर प्रोग्राममध्ये आहेत, हमालीचे आहेत, ते इथं देत नाही, उगाच भांडणं लागतील. पण मोंढ्यातल्या जुन्या वह्या बघितल्या तर पट्टीवर शेवटची रक्कम तेवढी दिसते. वरचे पैसे कुणाच्या पदरात राहिले ते वहीत लिहिलेलं नसतं. मशीनला मात्र स्पष्ट सांगावं लागतं, त्याला 'समजून घ्या' म्हणता येत नाही. म्हणून ती रीत 430 व्या ओळीत जशीच्या तशी बसून राहिली. मी मामांना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "सगळेच तसं करायचे." दीड वर्ष कशात घातलं, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

फॉर्ममध्ये लेखकाचा रकाना एकच होता. मी तिघांना त्यात बसवलं. मुनीमजींचं नाव त्यांच्या नातवाला विचारून घातलं. तो आता पुण्यात आयटीत आहे आणि त्याला ही गोष्ट काही केल्या खरी वाटेना. प्रकाशकाच्या टिंबावर संग्रहवाल्यांनी नंतर 'अप्रकाशित' असं केलंय. सरांना ते आवडलेलं नाही. "अप्रकाशित कसं? अख्ख्या मोंढ्याला आवाज जात होता."

नऊपैकी सात कॅसेटा झाल्यात. एक पाढ्यांची आहे, बावीसच्या पाढ्यापाशी अडते. गेल्या आठवड्यात अहमदपूरहून एकाचा फोन आला. त्यांचे वडील सरांच्या क्लासला होते, घरी बिस्किटांच्या डब्यात अकरा कॅसेटा निघाल्यात, फेकायच्या होत्या. मी म्हटलं, हात लावू नका, रविवारी येतो. ते म्हणाले, या, जेवायलाच या, आणि येताना बारीक पेचकस घेऊन या, आमच्याकडचा मोठाय.